हिरामावशीची दुपार

मागच्या पौषात मी चार दिवस शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत फिरून आले. आमच्या शेणव्याहून यातलं एकही ठिकाण फार लांब नाही. त्यामुळे याला प्रवास म्हणावं की नाही, याचा मला नीट निर्णय करता येईना. आईला विचारलं तर ती म्हणाली, "घरची भाकर सोडून चार दिस दुसऱ्याची खाल्ली ना? मंग तो प्रवासच." म्हणून लिहिते आहे.

ज्या कामासाठी गेले ते सांगताना अजूनही माझी जीभ थोडी अडखळते. मीनाताई नावाच्या एक बाई ठाण्याहून येऊन गावोगावी बायकांचा एक कार्यक्रम करतात. त्यात बायका स्टेजवर उभ्या राहून नवऱ्याबरोबरच्या, म्हणजे पुरुषाच्या पहिल्या जवळिकीची गोष्ट सांगतात. श्रोत्याही सगळ्या बायकाच. मीनाताईंचे नियम तीनच. सांगणारी तेव्हा वयानं पुरी असली पाहिजे, तिच्या खुशीनं घडलेलं असलं पाहिजे, आणि गोष्ट तिची स्वतःची असली पाहिजे. जिला दुखलं असेल तिच्यासाठी त्या वेगळी बैठक घेतात, दार लावून, आणि ती कधी स्टेजवर आणत नाहीत.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, मराठी घेऊन. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मीनाताईंना आमच्या वाड्यांवरची बोली कळणारी मुलगी हवी होती, म्हणून त्यांनी मला घेतलं. बायकांच्या गोष्टी ऐकून लिहून काढायच्या, त्यांच्याकडून तयारी करून घ्यायची आणि कार्यक्रमात निवेदन करायचं, असं काम होतं. त्या तीन नियमांतला तिसरा मीच मोडला. या चार दिवसांची खरी हकिकत तीच आहे.

शहापूर

पहिला कार्यक्रम शहापुरात एका लहान हॉलमध्ये होता. सांगणाऱ्या दोघी. एक शोभाताई, शहापूरच्याच, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. दुसऱ्या हिरामावशी. त्या आमच्या शेजारच्या वाडीवर राहतात, आईच्या ओळखीच्या. मी लहान असल्यापासून त्यांना मावशी म्हणते.

शोभाताई उभ्या राहिल्या आणि अंगणवाडीतल्या पोरांना गोष्ट सांगावी तशा हातवारे करून सांगू लागल्या. लग्न झालं तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या. सासर दोन खोल्यांचं, मधे भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचं पार्टिशन होतं. नवऱ्यानं मोठ्या हौसेनं नवी मच्छरदाणी टांगली. "आम्ही दोघं आत गेलो, आणि पाच मिनिटांत चारी दोऱ्या तुटल्या. दोघंही जाळ्यात. मी इकडून ओढते, ते तिकडून ओढतात. पलीकडून सासूबाई विचारतात, मांजर शिरलंय का रे? आणि हे काय म्हणाले असतील? म्हणाले, हो आई, दोन."

शहापूरच्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. पदर हलताना दिसतो, आवाज बाहेर येत नाही. आमच्या वाडीवर बाई हसली की शेजारणीच्या पाठीत धपाटा घालते. मी स्टेजच्या बाजूला उभी राहून हा फरक बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

मग हिरामावशींची पाळी आली. त्यांनी पाठ केलेलं सांगितलं. लग्नाची रात्र, फुलांनी सजवलेला पलंग, हातात दुधाचा पेला, डोक्यावर पदर. "मला फार भीती वाटत होती," असं त्या शुद्ध भाषेत म्हणाल्या. "नाही" म्हणताना एकदा "नाय" आलं, मग पुन्हा नीट म्हणाल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

यातला एक शब्दही खरा नव्हता. पंधरा दिवस आधी मावशींनी मला जे सांगितलं होतं ते असं : त्या आणि सोमाकाका लग्नाआधीच घर करून एकत्र राहिले, जी काही पहिली वेळ ती रात्री नव्हे, भर दुपारी आली, आणि लग्न झालं त्याला त्यानंतर नऊ वर्षं लागली. आमच्या वाड्यांवर हे नवं नाही. दोघांना पटलं की आधी घर करायचं. लग्नाला सगळ्या वाडीला जेवण घालावं लागतं, मग ते जमेल तेव्हा लग्न. कोणी नाव ठेवत नाही. मी मात्र ते कच्च्या वहीत लिहून घेतलं आणि पक्क्या वहीत उतरवताना लग्न आधी आणलं, दुपारची रात्र केली आणि पलंग घातला. पलंग कुठून सुचला ते मला सांगता येत नाही. टीव्हीवरूनच असणार. मावशींना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असा बोलायचा असतो का तिथं?" मी म्हटलं, हो. त्यांनी मान डोलावली. शिकलेल्या मुलीवर त्यांचा विश्वास होता.

तानशाकडची वाडी

दुसऱ्या दिवशी टमटमनं तानसा तलावाच्या बाजूच्या एका वाडीवर गेलो. रस्ता सागाच्या जंगलातून जातो. एका वळणावर मीनाताईंचा बॅनर छपरावरून सुटला आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर पडला. त्यानं तो काढला, उभ्या उभ्या सगळा वाचला, घडी घातली आणि परत दिला. शोभाताई पुढचा अर्धा तास हसत होत्या.

कार्यक्रम दुपारी, समाजमंदिरासमोरच्या अंगणात. पुरुषांना बायकांनी तलावाकडं पिटाळलं होतं. त्यांनी मासे आणले तर जेवण, नाहीतर नाही, अशी अट घातली होती. भाकऱ्या थापणारी एक बाई मला म्हणाली, "पानी मुंबईला जाते, मासे आमाला. बरोबर वाटनी हाय."

इथं मावशींना ओळखणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या बहिणीची सून याच वाडीतली आहे. मावशी उभ्या राहिल्या, "लग्नाची रात्र होती," म्हणाल्या, आणि पुढून एक म्हातारी बोलली, "कवाची गो? तुजा लगीन झाला तवा तुजा मोठा पोरगा वाजंत्रीच्या पुढं नाचत होता."

हशा झाला. मावशी मी शिकवलेलं पुढचं वाक्य म्हणाल्या, पलंगाचं.

"पलंग? हिरे, तुजे घरात पलंग कवा आला? आमाला दाखवला नाय."

"आन् दूध कुनाच्या म्हशीचा?"

वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. आपल्या माणसाची करतात तशी ती थट्टा होती. पण मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी माईक माझ्या हातात दिला आणि अंगणातून खाली उतरून टमटममध्ये जाऊन बसल्या. पुरुष मासे घेऊन आले, हळद-मीठ लावून तव्यावर टाकले, वास सगळ्या वाडीभर झाला. मी दोन घास खाल्ले आणि पान बाजूला ठेवलं. टमटमपाशी गेले तर मावशी म्हणाल्या, "मी मुरबाडला येत नाय. तुमी शोधा दुसरी."

चौथ्या दिवशी मुरबाडचा कार्यक्रम सगळ्यात मोठा होता. पण मला टोचत होतं ते वेगळंच. आपल्याच माणसांत मावशी खोट्या ठरल्या होत्या, आणि खोटं माझं होतं.

शेणव्याजवळ

तिसऱ्या दिवशी सकाळी मीनाताईंनी विचारलं, "ती गोष्ट त्यांची नव्हती ना?"

मी सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कच्ची वही आहे तुझ्याकडे? मग ती घेऊन जा त्यांच्याकडे. पक्की इथे ठेव."

मावशी वालाच्या शेतात शेंगा तोडत होत्या. भात निघालं की त्याच ओलीवर आमच्याकडं वाल पेरतात. पौषात शेंगा भरतात आणि शेतात शिरलं की त्यांचा एक उग्र, हिरवा वास येतो. मी जाऊन शेंगा तोडायला लागले. पाटी अर्धी भरली तेव्हा मी बोलले.

"मावशी, चूक माझी झाली. मी बदललं."

"ते मना माहीत हाय. का बदलला?"

मी म्हटलं, "शहापूरच्या बायका हसतील असं वाटलं."

"मना का तुला?"

मावशींनी उत्तराची वाट बघितली नाही. म्हणाल्या, "तुजे आयबापाचे लग्नात मी होते. तू सहा वर्सांची. तुला नवा झगा होता, पिवळा. तू एवढी नाचली का झोपेत पन पाय हलवत होती. तवा लाजली नाय. आता कशी लाजते?"

इथं मी खरं लिहिलं पाहिजे. पहिल्या वर्षाला असताना आमच्या वर्गातल्या मुली मोबाइलवर एकमेकींना आईवडिलांच्या लग्नाचे फोटो दाखवत होत्या. आमच्या घरात एकच फोटो आहे. त्यात आई आणि बाबा मुंडावळ्या बांधून उभे आहेत आणि पुढं मी आहे, आईच्या साडीचा पदर धरून. मी म्हटलं, आमच्याकडं फोटो नाही. तीन वर्षं मी तेच म्हणत आले. मावशींची गोष्ट बदलताना मी माझाच फोटो लपवत होते, हे मला त्या वालाच्या शेतात कळलं. मावशींना ते आधीच कळलेलं होतं.

मी वही उघडून त्यांचे शब्द त्यांना वाचून दाखवले, जसे बोलल्या होत्या तसे. त्या ऐकताना हसायला लागल्या.

"हां. ही मीच हाय."

"मग येता ना मुरबाडला?"

"येन. पन आधी तू सांगायचा. त्या खांबावर उभी रावून." माईकच्या स्टँडला त्या खांब म्हणत. "तुजे आयबापाचे लग्नाचा. मंग मी."

मी म्हटलं, मी तर निवेदन करते, माझी गोष्ट कशाला. मावशी म्हणाल्या, "माज्या गोष्टीत तू पलंग घातला. तुज्या निवेदनात मी एवढा घालते."

दुपारी त्यांनी वालाच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडल्या. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. आदल्या दिवशीची भूकही त्यात होती. निघताना विचारलं, "सोमाकाकांना चालेल ना, तुम्ही हे सांगितलेलं?"

"विचारला ना त्याला. बोलला, सांग. माजा पन चांगला सांग."

म्हसा आणि मुरबाड

चौथ्या दिवशी सोमाकाकाही आमच्याबरोबर निघाले. कार्यक्रमाला नव्हे, मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला. मुरबाडचा कार्यक्रम चारला होता आणि आम्ही सकाळीच पोचलो, त्यामुळे मीनाताईंनी गाडी थेट म्हशाला घ्यायला लावली.

म्हशाची जत्रा ज्यांनी पाहिली नसेल त्यांना एकच सांगते. आधी धूळ दिसते, मग जत्रा. बैलांच्या रांगा शेतांत लांबवर बांधलेल्या, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं. एका बाजूला घोंगड्यांची दुकानं. शोभाताईंनी एक काळी घोंगडी घेतली आणि भर उन्हातही अंगावर पांघरून फिरल्या. सोमाकाका प्रत्येक बैलासमोर थांबून दात बघत होते. एका व्यापाऱ्यानं विचारलं, "काका, घेनार का नुसता बघनार?"

"बघू तर दे. बघून बैल झिजतो का रे?"

मावशी मागून म्हणाल्या, "असाच मना पन बघितला होता. दोन वर्सां."

"तुजे दात बघितले नाय मी."

"बघितले असते तर चावले असते."

मी त्यांच्या मागून गोडीशेव खात चालत होते आणि चारला काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

मुरबाडच्या हॉलमध्ये जत्रेहून परतणाऱ्या बायका थेट आल्या होत्या, पिशव्या, खेळणी, पाटे, सुपं सगळं घेऊन. शहरातल्या, वाड्यांवरच्या, सगळ्या एकाच सतरंजीवर. शहापुरात पदर हलतात आणि आमच्या वाडीवर धपाटे बसतात, इथं दोन्ही एका ओळीत चालू होतं. तिसऱ्या ओळीत मला आमच्या वर्गातल्या तिघी दिसल्या. फोटो दाखवणाऱ्यांतल्याच.

शोभाताईंची मच्छरदाणी झाली. हॉल हसून मोकळा झाला. आता मावशींचं नाव पुकारायचं होतं. त्या स्टेजच्या पायरीवर बसल्या होत्या, माझ्याकडं न बघता. पायरीवरून उठल्या नाहीत.

मी माईकजवळ गेले. वही बंद केली. पहिलं वाक्य मी शुद्ध भाषेत मनात जुळवलं होतं, ते आलंच नाही.

"मी माझ्या आईबापाच्या लग्नाला गेले होते," मी म्हणाले. "सहा वर्षांची होते. आमच्या वाडीवर आधी घर करतात, मग लग्न. त्यांच्या लग्नाचा फोटो आहे आमच्याकडं. त्यात मी पुढं उभी आहे. मी नाय म्हणून सांगत होते, पण आहे."

पुढच्या ओळीतली एक आजी, मांडीवर नवं सूप घेतलेली, म्हणाली, "मंग जेवान काय होता?"

मी म्हटलं, "कोंबडीचा रस्सा आणि भात. मी नवरीच्या मांडीवर बसून जेवले."

त्यावर जे हसू आलं त्यात माझ्या वर्गातल्या तिघीही होत्या. एकीनं तिथूनच विचारलं, "फोटो उद्या आणशील?" मी मान डोलावली. मावशी पायरीवरून उठल्या, माझ्या हातातून माईक घेतला आणि मला बाजूला सारलं.

"मी बावीस वर्सांची होते," त्या म्हणाल्या. "सोमा बोलला, घर करू. मी बोलले, कर. त्यानं कारवीच्या काठ्या आनल्या, मी त्यांचा कुड बांधला. माती आन् शेन कालवला. मंग तो आतून लिंपतो, मी भायेरून. कुडाला फटी असतात ना, तर लिंपता लिंपता माज्या बोटाला बोट लागला. तो आतून बोलला, कोन हाय? मी बोलले, भिंत हाय."

हसू सुरू झालं. मावशींनी ते होऊ दिलं.

"मंग बोलतो, भिंतीला आत येवाचा हाय का? असा विचारला त्यानं. मी बोलले, विचारतोस तर येते. दार नव्हता, घोंगडी टांगली. दुपारची वेळ. कोपरापरेत माती, दोगांना. कुनी कुनाला पुसायचा?"

"मंग?" पाठीमागून कुणीतरी विचारलं.

"मंग काय. भिंत ओली होती, मी हात टेकला. पंजा उठला, पाची बोटा." मावशींनी हात वर करून दाखवला. "लोकं बोलतात, पैल्या वेळी भ्या वाटते. मना हसू आला. तो पन हसत होता. एक कोंबडी घोंगडीखालून आत आली, आमच्याकडं बघितला आन् परत गेली."

हे कोंबडीचं आणि पंजाचं त्यांनी मला सांगितलं नव्हतं. कच्च्या वहीतही नव्हतं. लिहून घेणाऱ्या मुलीला एवढं सांगावं असं त्यांना त्या दिवशी वाटलंच नसेल.

"नऊ वर्सांनी लगीन झाला. तीन पोरं. लग्नाला घर नव्यानं लिंपला, तर सोमानं त्या पंजाला हात लावू दिला नाय. त्याच्या भोवतीनं लिंपला. पोरं विचारायची, ह्यो कुनाचा हात? तो बोलायचा, भिंतीचा."

बायका हसतही होत्या आणि डोळेही पुसत होत्या. सुपवाल्या आजींनी शेजारणीला असा धपाटा घातला की तिच्या पिशवीतलं खेळणं वाजायला लागलं. तिसऱ्या ओळीतली माझी एक मैत्रीण उठून उभी राहिली. "मावशी, अजून आहे का तो पंजा?"

"नाय गो. घरकुल मिळाला, कुड पाडला. आता इटांच्या भिंती उभ्या हायेत." खिडकीतून दिसणाऱ्या चहाच्या टपरीकडं मावशींनी बघितलं. सोमाकाका तिथं बाकावर बसून कुणाला तरी बैलांबद्दल सांगत होते.

"गिलावा तेवढा रायलाय," मावशी म्हणाल्या. "गवंडी विचारतो, कसा करायचा. सोमा बोलतो, तू नुसता लिंप आन् घरी जा. ओला असतानाच मी तिला हाक मारतो."